काजळी कोणाच्या वाट्याला?

कल्याणमध्ये काजळी काढणं हे कायम कोणाचं तरी पोटापाण्याचं काम राहिलं आहे. १ मे १८५४ रोजी रेल्वे इथं पोचली. तेव्हापासून इंजिनाचं इंधन बदललं, मालक बदलले, रस्ते बदलले. पण इंजिनाच्या पोटात साचणारा काळा थर प्रत्येक पिढीत कोणी ना कोणी खरवडून काढत आलं. मी आयुष्यभर डिझेलचा मिस्त्री. कल्याण-भिवंडी रस्त्यावर, कोनगावच्या बाजूला माझं गॅरेज. हल्ली मुरबाड-शहापूरकडचे ट्रॅक्टरवाले आणि भिवंडीच्या गोदामांचे ट्रकवाले माझ्याकडे एकच तक्रार घेऊन येतात: धुराच्या फिल्टरचा दिवा लागतो, गाडी उभी करून त्यातली काजळी जाळायला लावते, धंद्याचा वेळ खाते. हे नवीन लचांड कुठून आलं, असं ते विचारतात. त्यांना द्यायचं उत्तर एका वाक्यात मावत नाही, म्हणून हा सगळा इतिहास.

वाफेच्या काळापासून सुरुवात करतो. कोळशाचं इंजिन शेडमध्ये आलं की पहिलं काम आग पाडण्याचं. राखपेटी रिकामी करायची, मग पुढचं गोल दार उघडून धूरपेटीतली काळी भुकटी फावड्यानं ओढायची, मग लांब सळईच्या टोकाला ब्रश लावून बॉयलरची एकेक नळी साफ करायची. नळ्यांत काजळी राहिली तर आगीची उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही. कोळसा जास्त लागतो आणि घाटात गाडी दम तोडते. म्हणून या कामाला माणसं नेमलेली असत आणि इंजिनाच्या दिवसातला ठरावीक वेळ त्यासाठी राखलेला असे. पुढं १९२८मध्ये कल्याणला विजेच्या इंजिनांची शेड झाली आणि १९३०पर्यंत पुण्याकडचा आणि इगतपुरीकडचा, असे दोन्ही घाट विजेवर आले. घाटातला कोळशाचा धूर या भागात देशाच्या मानानं फार लवकर कमी झाला. कल्याणच्या माणसांनी याचा अभिमान बाळगावा असंच ते काम होतं.

धूर परत आला तो डिझेलवर. माझे वडील कल्याणच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते. अमेरिकन अल्को कंपनीच्या आराखड्यावर वाराणसीत १९६४पासून बनू लागलेली डब्ल्यूडीएम-२ इंजिनं त्यांच्या हाताखालून गेली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. ड्रायव्हरनं नॉच वाढवला की या इंजिनातून काळ्या धुराचा लोट उठायचा. कारण साधं आहे. डिझेल तत्काळ वाढतं. हवा दाबून देणाऱ्या टर्बोला मात्र वेग पकडायला काही क्षण लागतात. तेवढ्या क्षणांत डिझेल जास्त आणि हवा कमी, म्हणजे अर्धवट जळण, म्हणजे काजळी. वडील घरी आले की त्यांच्या नखांच्या कडा काळ्या असत. ती काजळी साबणानं जात नसे. रॉकेलच्या चिंधीनं पुसावी लागे. शेडमध्ये हेड उघडून व्हॉल्व्हवरचा कार्बन खरवडणं हे ठरलेल्या शेड्यूलचं काम होतं. त्याची नोंद व्हायची, त्याचे कामाचे तास धरले जायचे.

मी स्वतः शिकायला लागलो तो एका उस्तादाच्या गॅरेजमध्ये. तिथं ट्रकही यायचे आणि स्कूटरीही. दोन स्ट्रोकच्या स्कूटरीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं असे, आणि ते ऑइल जळून सायलेन्सरमध्ये घट्ट कार्बन धरायचं. काही महिन्यांनी स्कूटर ओढायची बंद व्हायची. मग सायलेन्सर उतरवायचा, आत रॉकेल ओतायचं आणि गॅरेजच्या मागं विटांवर ठेवून पेटवायचा. कोणी कॉस्टिक सोड्यात बुडवून ठेवी, कोणी गॅसच्या बत्तीनं तापवी. लोखंड लालसर झालं, आतून धूर यायचा थांबला की निवू द्यायचं आणि लाकडी दांड्यानं ठोकून खपल्या पाडायच्या. बसवला की स्कूटर पहिल्यासारखी धावायची. ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या गॅरेजवाल्यांपैकी माझ्या वयाच्या माणसानं सायलेन्सर जाळला नाही असं होणार नाही. गिऱ्हाईक त्याचे पैसे विनातक्रार देई, आणि गाडी दुपारभर गॅरेजमध्ये ठेवावी लागेल हेही त्याला मान्य असे.

ट्रकचं काम याहून मोठं. १९५४मध्ये टेल्कोनं डाइमलर-बेंझबरोबर ट्रक बांधायला सुरुवात केली, आणि वागळे इस्टेट, भिवंडी, डोंबिवलीची एमआयडीसी या सगळ्यांचा माल पुढची कित्येक वर्षं त्या जातीच्या डिझेल इंजिनांनी ओढला. त्यांचा जीव होता इंजेक्शन पंपात. बंगळूरच्या मायको कंपनीचे ते पंप बेंचवर लावून, काचेच्या नळ्यांत प्रत्येक सिलिंडरचं डिझेल मोजून बसवायचे. नोझल हँड टेस्टरवर दाबून बघायचा: फवारा धुक्यासारखा उडाला तर ठीक, धार पडली किंवा थेंब लोंबला तर तो सिलिंडर धूर काढणार. पंपावर शिशाचा शिक्का असे. तो तोडून डिझेल वाढवून द्यायची मागणी रोज यायची. कसाऱ्याचा घाट भरल्या मालानं चढायचा, तर ताकद हवी. ताकद हवी, तर पंप वाढवा. पंप वाढवला की ताकद थोडी वाढायची आणि धूर फार वाढायचा. मालकाला गाडी घाट चढली एवढंच दिसे. ती काजळी कसाऱ्याच्या झाडांवर, रस्त्याकडेच्या घरांच्या भिंतींवर आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या छातीत बसे. तिचं बिल कोणी फाडत नव्हतं.

माझ्या सगळ्या म्हणण्याचं मूळ इथं आहे. इंजिनाच्या आत राहिलेली काजळी मालकाला त्रास देते, म्हणून ती काढायला तो पैसे आणि वेळ देतो. बाहेर गेलेली काजळी दुसऱ्याच्या वाट्याला जाते, म्हणून तिची दखलच घेतली जात नाही.

दखल घेणारे पहिल्यांदा आले ते कोर्टाच्या मार्गानं. मुंबईतल्या स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम या नागरिकांच्या संघटनेनं उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि १९९९मध्ये परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जुन्या टॅक्सी सीएनजीवर नेण्याचा मार्ग त्यातून मोकळा झाला. ट्रकांचा धूर मात्र तसाच राहिला. मुलुंडच्या चेकनाक्यावर जकातीसाठी रांगेत उभे राहणारे ट्रक इंजिन चालू ठेवूनच सरकायचे. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली तेव्हा कुठं ती रांग मोडली. पीयूसीची तपासणी होती, पण जुन्या डिझेल गाड्यांना ६५ हार्टरिज युनिटपर्यंतचा धूर कायद्यानंच चालायचा. तो डोळ्यांना ढळढळीत दिसणारा धूर. जून २०१२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलचा धूर माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. ती बातमी मी गॅरेजमध्ये वाचली, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं बंद शटरआड इंजिन चालवून ट्यूनिंग करणारे माझ्या पिढीचे सगळे मिस्त्री आले.

काजळी अडवायची तर फिल्टर हवा हे इंजिन बनवणाऱ्यांना फार आधीपासून ठाऊक होतं. मर्सिडीजनं १९८५मध्ये कॅलिफोर्नियातल्या काही डिझेल गाड्यांना तसा सापळा बसवून पाहिला. पण मोठ्या संख्येनं बनणाऱ्या मोटारींत तो नीट रुजवला फ्रान्सच्या प्यूजो कंपनीनं, २०००मध्ये, ६०७ या गाडीत. डिझेलमध्ये सेरियमचं औषध मिसळून त्यांनी काजळी कमी तापमानाला जळेल अशी सोय केली. आमच्या भागाला हे नाव परकं नाही. महिंद्राच्या जीपगाड्यांत बसणारं प्यूजोचं एक्सडीपी डिझेल इंजिन कसारा घाटाच्या माथ्यावर इगतपुरीला बनायचं, आणि ती इंजिनं आम्ही पोत्यांनी येणाऱ्या स्पेअर पार्टांवरून ओळखायचो. पुढं नव्वदच्या दशकात प्रीमियर आणि प्यूजोनं मिळून ३०९ ही मोटार इथंच, कल्याणच्या कारखान्यात बांधली. तो संसार टिकला नाही, आणि डोंबिवलीजवळ आता प्रीमियरचं नाव मैदानापुरतं उरलं आहे. त्याच प्यूजोनं काही वर्षांतच तिकडं फ्रान्सात धुराचा फिल्टर रस्त्यावर आणला. आमच्याकडं तो यायला आणखी वीस वर्षं लागली.

वीस वर्षं का लागली, याचं उत्तर डिझेलच्या टाकीत आहे. आपल्याकडच्या डिझेलमध्ये गंधक फार होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दहा लाख भागांत दहा हजार भागांपर्यंत गंधक चालायचं. मग धुराच्या सरकारी नियमांचे टप्पे आले, त्यांना बीएस म्हणजे भारत स्टेज म्हणतात. बीएस-३च्या डिझेलात गंधक ३५० भागांवर आलं, बीएस-४मध्ये ५० आणि बीएस-६मध्ये १०. फिल्टरच्या अलीकडं जो उत्प्रेरकाचा डबा असतो, तो गंधकानं निकामी होतो. म्हणजे माहुलसारख्या ठिकाणच्या रिफायनऱ्यांनी डिझेल धुतल्याशिवाय फिल्टर लावण्यात अर्थच नव्हता. मुंबईला बीएस-४ २०१०मध्ये मिळालं, सगळ्या देशाला एप्रिल २०१७मध्ये. मग बीएस-५ ओलांडून १ एप्रिल २०२०पासून थेट बीएस-६. सर्वोच्च न्यायालयानं ही तारीख पुढं ढकलू दिली नाही.

आता हा फिल्टर म्हणजे काय ते सांगतो, कारण तो उघडून पाहिलेली माणसं थोडी आहेत. बाहेरून सायलेन्सरसारखाच डबा. आत सच्छिद्र सिरॅमिकचे, मधमाशांच्या पोळ्यासारखे बारीक बोगदे. शेजारशेजारच्या बोगद्यांची तोंडं उलटसुलट बंद केलेली, त्यामुळं धूर एका बोगद्यातून शिरतो आणि भिंत ओलांडून दुसऱ्यातून बाहेर पडतो. काजळी भिंतीवर राहते. थर वाढला की अलीकडचा आणि पलीकडचा दाब यांतला फरक वाढतो. सेन्सर तो फरक मोजतो आणि कॉम्प्युटरला कळवतो. इंजिन जोरात, भाराखाली चालत असेल तर धूरच इतका गरम असतो की काजळी आपोआप झिजत जाते. तसं झालं नाही, तर कॉम्प्युटर सिलिंडरमध्ये उशिरानं थोडं जास्तीचं डिझेल सोडतो. ते उत्प्रेरकावर जळतं, फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापतो आणि काजळी जळून जाते. यालाच आमच्यात सगळे रिजन म्हणतात. चालता चालता ते जमलं नाही, तर दिवा लागतो आणि गाडी उभी करून बटण दाबावं लागतं. इंजिनाचे फेरे आपोआप वाढतात, वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत ते काम चालतं.

विटांवर सायलेन्सर जाळलेल्या माणसाला हे ओळखीचंच वाटतं. तेच काम आता गाडी स्वतः करते, आणि त्यातला धूर तुमच्या-माझ्या नाकात जात नाही.

मग त्रास कुठं होतो? आमच्या रस्त्यांवर होतो. या फिल्टरला लागते मोकळ्या रस्त्यावरची लांब, सलग धाव. जेएनपीटी बंदराकडून येणारा कंटेनर शिळफाट्याला अडकतो, मुंब्रा बायपासला अडकतो, माणकोलीला अडकतो. कल्याणचा जुना पत्रीपूल २०१८मध्ये पाडला आणि नवा २०२१मध्ये सुरू झाला. नेमक्या त्याच काळात बीएस-६च्या गाड्या कल्याणमध्ये आल्या आणि दुर्गाडीपासून तासन्‌तास पहिल्या गिअरमध्ये रांगल्या. इंजिन थंडच, काजळी भरपूर, जाळायला उष्णता नाही. रिजन सुरू व्हावं आणि तेवढ्यात ड्रायव्हरनं गोदामात चावी बंद करावी, असंही घडतं. भिवंडीच्या गोदामाच्या दारात, पुठ्ठ्याच्या ढिगाशेजारी सहाशे अंशांचा डबा तापू द्यायचा नसतो, म्हणून तिथं रिजन थांबवायचं बटण दाबणं बरोबरच आहे. पण नंतर मोकळ्या जागी ते पूर्ण करायला हवं, आणि तिथंच सगळे विसरतात.

ट्रॅक्टरची गोष्ट उशिरा सुरू झाली. घोडबंदर रस्त्याच्या पलीकडं, कांदिवलीला महिंद्राच्या कारखान्यात १९६५पासून बी-२७५ ट्रॅक्टर बनायला लागले. त्या साध्या, पितळी नळ्यांच्या इंजिनांपासून काल-परवापर्यंत ट्रॅक्टरचा मिस्त्री पाना-हातोडीवर पोट भरत होता. १ जानेवारी २०२३पासून पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना नवा धूरनियम लागू झाला. या गटातल्या इंजिनाला आधी एका किलोवॅट-तासामागं ०.४ ग्रॅम कण सोडायची मुभा होती, आता ०.०२५ ग्रॅम. सोळावा हिस्सा. एवढं खाली यायचं तर बहुतेकदा फिल्टर लागतोच. ठाणे जिल्ह्यातल्या भाताच्या लहान खाचरांत बहुतेकांचे ट्रॅक्टर पन्नासच्या खालचे, त्यांना हा नियम लागला नाही. पण भाड्यानं कामं घेणाऱ्यांकडं मोठे ट्रॅक्टर असतात, आणि दिवा घेऊन येतात ते हेच.

गेल्या पावसाळ्यानंतर मुरबाडकडचा एक तरुण आला. "काका, जुलैभर चिखलणी केली, एकदा दिवा लागला नाही. आता विटांच्या खेपा सुरू केल्या तर आठवड्याला लागतो. ट्रॅक्टर बिघडला का?" ट्रॅक्टर बिघडला नव्हता. चिखलात केज व्हील लावून रोटाव्हेटर ओढताना इंजिन पूर्ण भाराखाली असतं, फिल्टर आपोआप स्वच्छ राहतो. वीटभट्टीवर ट्रॉली भरेपर्यंत तासभर इंजिन नुसतं गुरगुरत ठेवायचं, मग दोन किलोमीटर हळू जायचं, परत उभं. पाण्याच्या टँकरचंही तसंच. मी त्याला म्हणालो, "अरे, तुझ्या घरी राब भाजतात ना? रोप टाकायच्या आधी जमीन भाजायला वेळ जातो म्हणून तुझ्या आजोबांनी कधी कुरकूर केली का? हेही तसंच हंगामाचं काम धर." त्याला ते पटलं. भरताना इंजिन बंद करायचं, दिवा लागला की त्याच दिवशी जाळायचं, एवढं त्यानं सुरू केलं आणि त्याची तक्रार संपली.

जाळताना पाळायच्या गोष्टी मी प्रत्येकाला सांगतो. ट्रॅक्टर मोकळ्या, उघड्या जमिनीवर उभा करा. पेंढ्याच्या उडवीजवळ, सुक्या गवतात, गोठ्यात किंवा शेडमध्ये कधीही नाही. गिअर न्यूट्रल, पीटीओ बंद, हँडब्रेक ओढलेला. पोरांना आणि जनावरांना लांब ठेवा. सुरू झालेलं रिजन मध्येच तोडू नका. सारखं तोडलं तर ते जास्तीचं डिझेल रिंगांवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. ऑइलची पट्टी वर गेलेली दिसली तर खूश होऊ नका, ऑइल पातळ झालंय असं समजा. कंपनीनं सांगितलेलंच कमी राखेचं ऑइल घाला, कारण काजळी जळते पण ऑइलची राख जळत नाही. ती साचत जाते आणि काही हजार तासांनी फिल्टर उतरवून साफ करावाच लागतो. आणि भेसळीच्या डिझेलपासून लांब राहा. रॉकेलच्या भेसळीपायी या राज्यानं २०११मध्ये मनमाडजवळ यशवंत सोनावणे यांच्यासारखा अधिकारी गमावला आहे. ते तेल टाकीत घालणाऱ्यानं निदान एवढं आठवावं.

दिव्याकडं दुर्लक्ष केलं तर काय होतं तेही आम्ही पाहतो. आधी ताकद कमी होते. मग बटणही चालत नाही. कंपनीचा माणूस लॅपटॉप लावून जाळतो. त्याच्यापुढं फिल्टर उतरवावा लागतो, आणि बदलायची वेळ आली तर आकडा ऐकून मालक खाली बसतो. याच क्षणी कोणीतरी कानाशी येऊन सांगतं की आतलं पोळं फोडून टाकू, कॉम्प्युटरमध्ये फेरफार करून देऊ, दिवा पुन्हा लागणार नाही. हा धंदा महामार्गांवर चालतो हे मला माहीत आहे. माझ्या गॅरेजमध्ये तो होत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनं अशा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, सांगितली आहेत. पण माझं कारण कायद्याच्या आधीचं आहे. पोळं फोडणं म्हणजे पंपाचा शिक्का तोडण्याचाच पुढचा अवतार. मालकाचा अर्धा तास वाचतो आणि ती काजळी पुन्हा शहाडच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या शाळकरी पोराच्या छातीत जाते.

आता मालकांना एक रोखठोक गोष्ट सांगायची आहे. ड्रायव्हर बटण का दाबत नाही, हे कोणी विचारत नाही. त्याला खेपेवर पैसे मिळतात. अर्धा तास उभं राहिलं तर त्याची एक खेप जाते, शिवाय शेठ फोनवर ओरडतो. ठाण्यात अवजड गाड्यांना शहरातून जायला ठरावीक वेळाच मिळतात. ती वेळ टळली तर पुढचा अख्खा दिवस नाक्यावर जातो. अशा माणसानं शहरासाठी स्वतःच्या पोटाला चिमटा काढावा, ही अपेक्षा खोटी आहे. कोळशाच्या इंजिनाची राख पाडणाऱ्याला पगार होता. डिझेल शेडमध्ये कार्बन खरवडण्याचे तास धरले जात. सायलेन्सर जाळायचे पैसे मला मिळत. मग या अर्ध्या तासाचे पैसे ड्रायव्हरला का नकोत?

म्हणून माझी विनंती ट्रान्सपोर्टवाल्यांना, ट्रॅक्टर भाड्यानं देणाऱ्यांना आणि भिवंडीच्या गोदाममालकांना आहे. खेपेचा दर ठरवताना रिजनचा वेळ त्यात धरा आणि तो ड्रायव्हरच्या हातात द्या. गोदामाच्या आवारात मालापासून लांब, एक काँक्रीटची मोकळी जागा या कामासाठी आखून ठेवा. बाजार समित्यांनी आणि महापालिकांनी ट्रक टर्मिनलवर तशी जागा द्यावी. खर्च थोडा आहे आणि तो ज्याच्या गाडीतून काजळी निघते त्याच्याच खात्यावर पडतो. तिथंच तो पडायला हवा.